लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनावरच्या हॉटेलात राहण्याबद्दल: अनुभव, माहिती, चर्चा

बोरीबंदरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. लंडनला उतरायचं कुठे, हा प्रश्न इथे दर उन्हाळ्यात येतो. त्या चर्चेत सेंट पँक्रस स्टेशनावरच्या हॉटेलाचं नाव सहसा कुणी घेत नाही, कारण ते महाग आहे. महाग आहेच. तरीही एखाद-दुसरी रात्र तिथे काढावी असं माझं ठाम मत झालंय. पैसे नेमके कशाचे मोजतोय हे आधी कळलेलं असलं की ते वसूल होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी सगळी नोकरी मध्य रेल्वेच्या इंजिनिअरिंग खात्यात झाली, आणि त्यातली बरीच वर्षं टेबल मुंबईच्या व्हीटीच्या (आताच्या सीएसएमटीच्या) जुन्या इमारतीत होतं. टोकदार कमानी, दगडात कोरलेली पानंफुलं आणि प्राणी हे सगळं जेवणाच्या सुट्टीत नजरेसमोर असायचं. या इमारतीची मोठी बहीण लंडनला आहे असं आमचे साहेब सांगायचे. ती बघायची इच्छा तेव्हापासूनची.

मुलगी नॉटिंगहॅमला असते. तिथून लंडनला येणारी गाडी थेट सेंट पँक्रसलाच लागते, कारण ही जुन्या मिडलँड रेल्वे कंपनीची लाइन. हॉटेलाच्या दर्शनी भागातल्या लाल विटाही नॉटिंगहॅमच्याच, एडवर्ड ग्रिपर यांच्या कारखान्यातल्या. विटा ज्या वाटेने आल्या त्याच वाटेने आम्हीही आलो. नॉटिंगहॅमची गाडी नव्याने वाढवलेल्या फलाटांवर थांबते. तिथून पुढे चालत आलं की डोक्यावर विल्यम बार्लो यांचं १८६८ सालचं छत सुरू होतं. मी तिथे बॅग खाली ठेवली आणि बराच वेळ वर बघत राहिलो. २४० फूट, म्हणजे सुमारे ७३ मीटर रुंदीची एकच कमान, मध्ये एकही खांब नाही, उंची शंभर फुटांच्या घरात. त्या काळात एवढं मोठं सलग छत जगात दुसरीकडे कुठेही नव्हतं. कमान म्हटली की तिचे पाय बाहेर सरकू बघतात. ते धरून ठेवायला छताखालून आडवे गज ताणले असते तर वरची सगळी शोभा गेली असती. बार्लोंनी हा ताण फलाटाच्या जमिनीतल्या लोखंडी तुळयांवर टाकला. आपण ज्या जमिनीवर उभे असतो तीच कमानीला आवळून धरते.

आता ही जमीन रस्त्यापासून एवढी उंच का? स्टेशनच्या उत्तरेला रीजंट्स कॅनॉल आहे. कंपनीने रूळ कालव्याच्या वरून आणले, त्यामुळे फलाट रस्त्याच्या बराच वर आला आणि खाली भलंमोठं तळघर तयार झालं. मिडलँडचा मोठा धंदा बर्टनहून येणाऱ्या बिअरच्या पिंपांचा. म्हणून तळघरातल्या लोखंडी खांबांमधलं अंतर पिंपांच्या मापाने ठरवलं. आज त्याच खांबांमधून युरोस्टारचे, म्हणजे समुद्राखालच्या बोगद्यातून पॅरिसला जाणाऱ्या गाडीचे प्रवासी बॅगा ओढत जातात.

आणि या सगळ्याच्या पुढ्यात हॉटेल. मिडलँड ही डर्बीची कंपनी. लंडनमध्ये तिचं स्वतःचं स्टेशन नव्हतं, शेजारच्या किंग्ज क्रॉसमध्ये ग्रेट नॉर्दर्न कंपनीच्या मेहेरबानीवर गाड्या आणाव्या लागत. स्वतःची जागा मिळाल्यावर शेजाऱ्यापेक्षा वरचढ दिसायचंच हे त्यांनी ठरवलेलं असणार. १८६५ साली स्पर्धा घेतली, अकरा वास्तुकारांना बोलावलं, आणि निवडलेला जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा आराखडा सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत खर्चिक होता. पूर्वेकडचा भाग ५ मे १८७३ रोजी उघडला, बाकीचं काम १८७६ पर्यंत चाललं. तेव्हाचं नाव मिडलँड ग्रँड हॉटेल. सुमारे तीनशे खोल्या, पाण्याच्या दाबावर चालणारी लिफ्ट, बायकांसाठी स्वतंत्र धूम्रपानाची खोली. खोलीखोलीत शेकोटी, पण आंघोळीची न्हाणीघरं मात्र साऱ्या इमारतीत मोजकीच. कोळसा आणि गरम पाणी नोकर माणसं वर वाहून न्यायची. आग लागली तरी पसरू नये म्हणून मजल्यांच्या जमिनी जाडजूड काँक्रीटच्या केल्या होत्या. पुढे प्रत्येकाला खोलीला जोडून बाथरूम हवंसं झालं तेव्हा त्या जमिनीतून नळ न्यायला वाव राहिला नाही. आगीपासून वाचवणाऱ्या जमिनीनेच हॉटेलाचा धंदा बसवला. १९२३ साली रेल्वे कंपन्यांचं एकत्रीकरण झालं आणि नव्या मालकांचा ओढा यूस्टन स्टेशनकडे गेला. १९३५ मध्ये हॉटेल बंद. पुढची कित्येक वर्षं इथे रेल्वेची कचेरी होती.

आता राहण्याचं. खोल्या दोन प्रकारच्या आहेत. बार्लो छताच्या कडेने बांधलेल्या नव्या बाजूच्या खोल्या नीटनेटक्या आणि तुलनेने स्वस्त. जुन्या स्कॉटच्या इमारतीतल्या मोजक्या खोल्या चेंबर्स या नावाने मिळतात. उंच छत, टोकदार खिडक्या, जाड भिंती. भाव बराच जास्त. आम्ही जुन्या बाजूला राहिलो. माझं म्हणणं असं, की या हॉटेलात आपण खोलीचे पैसे देतच नाही. आपण पैसे देतो जिन्याचे आणि वऱ्हांड्यांचे.

जिन्याचं तेवढं बारकाईने सांगतो. खालून एक रुंद जिना चढतो, मधल्या टप्प्यावर दोन फाटे फुटतात आणि ते भिंतींच्या कडेने वर जातात. भिंती गडद लाल, त्यावर सोनेरी फुलांचा नक्षा. सगळ्यात वर कमानदार छत आणि त्यात सोनेरी तारे. हे सगळं फोटोत येतं. फोटोत येत नाही ती पायऱ्यांची खालची बाजू. फाट्याच्या खाली उभं राहून मान वर केली की जिना ज्या लोखंडी तुळयांवर पेलला आहे त्या उघड्या दिसतात. झाकलेल्या नाहीत. त्यांच्यावर नक्षी आहे, रंग आहे, बोल्ट आहेत. दगड-विटांच्या कारागिरीसाठी नावाजलेल्या वास्तुकाराने लोखंड लपवलं नाही, नटवलं. रात्री अकरानंतर तिथे चिटपाखरू नसतं. मी आणि सौ. त्या जिन्यावर सावकाश वर-खाली करत होतो, कठड्याचा प्रत्येक वळसा हाताने चाचपत. कुणी हटकलं नाही.

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं लिहितो.


घारापुरी

उत्तम धागा, काका. पिंपांच्या मापाने खांब ही माहिती नवीन. दोन प्रश्न: साधारण भाव काय पडतो, आणि न राहता आतून किती बघता येतं? आमचा मुक्काम नातेवाइकांकडे आहे, हॉटेल घेणं होणार नाही.


सुनीता_साताऱ्याची

वाचून आत्ताच जावंसं वाटतंय. सासूबाई सोबत असतील, वय ७८, गुडघे दुखतात. जिना सुंदर असला तरी त्यांना चढवणार नाही. लिफ्ट आहे ना? आणि आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडंही नाही. सकाळच्या नाश्त्याचं काय?


जुनी_पुस्तकं

बोरीबंदरकर, एक भर घालतो. व्हीटी ही या इमारतीची बहीण असं म्हणतात, पण रक्ताचं नातं मुंबईत दुसऱ्याच इमारतीशी आहे. ओव्हल मैदानासमोरचं विद्यापीठाचं ग्रंथालय, राजाबाई टॉवर आणि शेजारचा दीक्षान्त सभागृह यांचे आराखडे याच गिल्बर्ट स्कॉट यांचे. लंडनला हॉटेलाचं बांधकाम चालू होतं त्याच सुमारास, १८६९ पासून, मुंबईत हे काम सुरू झालं. स्कॉट भारतात कधी आले नाहीत, आराखडे पाठवले. टॉवरसाठी पैसे प्रेमचंद रायचंद यांनी दिले आणि आईचं, राजाबाईंचं, नाव दिलं. २८० फुटांचा मनोरा. त्यात कोनाड्यांमध्ये पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत, ही कल्पना मला लंडनच्या इमारतीपेक्षा मोलाची वाटते.

व्हीटीचे वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. काम मिळाल्यावर त्यांनी युरोपात जाऊन तिथली स्टेशनं पाहिली, त्यामुळे सेंट पँक्रसची छाया व्हीटीवर आहे हे बरोबरच. पण घुमट सेंट पँक्रसला नाही. तो व्हीटीचा स्वतःचा.


बोरीबंदरकर

@जुनी_पुस्तकं, फार महत्त्वाची भर. राजाबाई टॉवरचा गोल जिना डोळ्यांसमोर आणून मग सेंट पँक्रसच्या खिडक्या पाहिल्या तर हात एकच आहे हे लगेच कळतं. बारीक जोडखांब, वर टोकदार कमान आणि तिच्या कपाळावर गोल झरोका. दगड वेगळा, ऊन वेगळं, पण रेघ तीच.

एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या धाग्यात यायलाच हवी. व्हीटीच्या बांधकामावर स्टीव्हन्स यांच्याबरोबर सीताराम खंडेराव वैद्य हे सहायक अभियंता आणि एम. एम. जनार्दन हे पर्यवेक्षक होते. दगडातलं कोरीव काम जेजे कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलं. १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं. आम्ही रोज ज्या खांबांजवळून जायचो ते या लोकांनी उभे केले.

@घारापुरी, भाव मोसमाप्रमाणे आणि वाराप्रमाणे बदलतो, त्यामुळे आकडा देऊन फसवणं नको. एवढं धरून चाला की नवी बाजूही लंडनच्या मध्यम हॉटेलांपेक्षा वरच असते आणि जुनी बाजू त्याहून बरीच वर. थंडीत, नाताळची गर्दी सोडून, भाव उतरलेले दिसतात. न राहता बरंच बघता येतं. पूर्वीची घोडागाड्या थांबायची जागा आता काचेच्या छताखाली हॉटेलाचा दिवाणखाना आहे, तिथे चहा घ्या. जुन्या तिकीट खिडकीच्या दालनात खाण्यापिण्याची जागा केलीय, तिच्या लाकडी तावदानांजवळ बसा. बार्लोचं छत तर फुकटच आहे. जिना मात्र पाहुण्यांसाठी. कधी मार्गदर्शकाबरोबर फेरी असते, तेव्हा आधी चौकशी करा.

@सुनीता_साताऱ्याची, लिफ्ट आहे. सासूबाईंना वरच्या मजल्यावर लिफ्टने न्या आणि तिथून कठड्यापाशी उभं राहून खाली बघू द्या. वरून बघितलेला जिना खालून बघितलेल्यापेक्षा जास्त छान दिसतो, हे मी मनापासून सांगतो. जुन्या बाजूचे वऱ्हांडे लांबच लांब आहेत, त्यामुळे खोली लिफ्टजवळची द्या असं आरक्षण करतानाच लिहा. नाश्त्याला पाव, फळं, ओटची लापशी, भाजलेले मशरूम-टोमॅटो असं मिळालं. शाकाहारी आहोत हे सांगितल्यावर तव्यावरचं वेगळं करून दिलं. रात्रीच्या जेवणाला मात्र यूस्टन स्टेशनच्या मागे ड्रमंड स्ट्रीट नावाची गल्ली आहे, तिथे जा. भेळपुरीपासून डोशापर्यंत मिळतं. चालत वीस मिनिटांच्या आत.


वऱ्हाडी_पाहुणा

रेल्वेचं हॉटेल म्हटलं की आम्हा नागपूरकरांना पुरीचं बीएनआर आठवते. बीएनआर म्हणजे बंगाल नागपूर रेल्वे. कंपनीच्या नावातच आमचं गाव. समुद्राच्या बाजूला पांढरी बैठी इमारत, मोठ्ठे व्हरांडे, वेताच्या खुर्च्या. १९२५ सालचं आहे. रांचीलाही त्याच कंपनीचं एक. आता दोन्ही खासगी हॉटेलवाल्यांकडे चालवायला दिलेत, पण रेल्वेच्या जुन्या वस्तू मांडून ठेवल्या आहेत.

वडील रेल्वेत होते. लहानपणी आम्ही तिथे जेवलो, राहिलो नव्हतो. पगडी घातलेला वाढपी आणि शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. मागच्या हिवाळ्यात बायकोला घेऊन राहायलाच गेलो. सेंट पँक्रसच्या मानाने साधंच म्हणा, पण संध्याकाळी व्हरांड्यात बसलं की उठावंसं वाटत नाही. ज्यांना लंडन परवडत नाही त्यांनी इथे अवश्य जा. जगन्नाथाचं दर्शनही होते.


लेकशोअर

टोरांटोहून. आमच्याकडे रॉयल यॉर्क आहे, कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने बांधलेलं, ११ जून १९२९ रोजी उघडलं. २८ मजले आणि हजाराच्या वर खोल्या, त्या वेळी साऱ्या ब्रिटिश साम्राज्यात एवढी उंच इमारत नव्हती. समोर युनियन स्टेशन, दोन्हींना जोडणारा भुयारी रस्ता. जानेवारीत उणे पंधरा-वीस तापमान असताना गाडीतून उतरून कोट न घालता खोलीत पोचता येतं. इकडे याची किंमत राहणाऱ्यालाच कळते.

कॅनडात या कंपन्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. रूळ रिकाम्या मुलखातून टाकले होते, माणसं गाडीत बसायला कारण हवं होतं. म्हणून आधी हॉटेलं बांधली. क्विबेकचं शातो फ्रोंतनाक १८९३ चं, किल्ल्यासारखं. बँफचंही तसंच. लंडनमध्ये गाडीसाठी आलेल्यांना हॉटेल लागत होतं, इथे हॉटेलासाठी माणसं गाडीत बसली.


नदीकाठ

माझं मत वेगळं आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडतो. एका रात्रीच्या भाड्यात मी लंडनमध्ये होस्टेलवर आठवडा काढला. संग्रहालयं फुकट, बागा फुकट. ज्या इमारती बघून आपण भारावतो त्यांच्याखाली काय गाडलं गेलं तेही बोललं पाहिजे. सेंट पँक्रससाठी अ‍ॅगर टाउन नावाची आख्खी गरीब वस्ती पाडली. राहणाऱ्यांना मोबदला नाही, पर्यायी घरं नाहीत. जुन्या सेंट पँक्रस चर्चच्या स्मशानातून रूळ नेले, हजारो थडगी उकरली. ते काम नीट होतंय का हे बघायला एका तरुण नोकराला नेमलं होतं, तो पुढे कादंबरीकार झाला, थॉमस हार्डी. उपटलेले थडग्यांचे दगड एका झाडाभोवती रचलेले दिसायचे. ते झाड २०२२ च्या डिसेंबरात पडलं.

मी विरोधासाठी विरोध करत नाही. पण हॉटेलाच्या जिन्यावर चढताना हे ठाऊक असावं.


बोरीबंदरकर

@नदीकाठ, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. ते चर्च स्टेशनच्या मागे पाच-दहा मिनिटांवर आहे. मी गेलो होतो. झाड उरलं नाही, बुंध्याभोवतीचे दगड तसेच उभे आहेत, एकमेकांना खेटून. वस्ती उठवण्याचा हिशेब त्या काळी कुणी केला नाही आणि तो हिशेब चुकताही झाला नाही, हे मान्य. रेल्वेत काम केलेल्या माणसाला हे टाळून पुढे जाता येत नाही. आम्हीही जमिनी घेतल्या आहेत, लोकांना उठवलं आहे, फक्त कागद नीट होते.

पण इमारत पाडल्याने ती वस्ती परत येणार नव्हती. आणि १९६६ साली ही इमारत पाडायचंच चाललं होतं, ते सांगतो. ब्रिटिश रेल्वेला किंग्ज क्रॉस आणि सेंट पँक्रस एकत्र करायचं होतं. त्याआधी चारच वर्षांपूर्वी शेजारच्या यूस्टन स्टेशनची दगडी कमान पाडून टाकली होती. लोकांनी विरोध केला, उपयोग झाला नाही. त्या कमानीचा चटका ताजा होता म्हणून या वेळी मंडळी आधीच जागी झाली. कवी जॉन बेट्जमन, कलेचे अभ्यासक निकोलाउस पेव्हस्नर आणि व्हिक्टोरियन सोसायटीने ठाण मांडलं. नोव्हेंबर १९६७ मध्ये सरकारने इमारतीला पहिल्या श्रेणीचं संरक्षण दिलं. तेव्हा व्हिक्टोरियाच्या काळातल्या इमारतींना कुणी विचारत नव्हतं. काजळी धरलेली, गिऱ्हाईक नसलेली, छतातून गळणारी. तिच्या बाजूने उभं राहायला धैर्य लागलं असणार. वरच्या फलाटावर बेट्जमन यांचा पुतळा आहे. टोपी सांभाळत, कोटाचे पंख वाऱ्यावर, छताकडे बघणारा गुबगुबीत माणूस. चौथरा नाही, जमिनीवर आपल्यातच उभा आहे. लोक शेजारी उभे राहून फोटो काढतात.

संरक्षण मिळालं तरी हॉटेल लगेच सुरू झालं नाही. कचेऱ्याही १९८० च्या दशकात गेल्या, आग-सुरक्षेच्या कारणाने. युरोस्टार नोव्हेंबर २००७ मध्ये इथे आली आणि तिच्या ओढीने हॉटेलाचं काम मार्गी लागलं. ५ मे २०११ ला औपचारिक उद्घाटन केलं. पहिलं उद्घाटनही ५ मेचंच, १३८ वर्षांपूर्वी. ७६ वर्षं बंद असलेलं हॉटेल पुन्हा उघडतं, हे मला फार मोठं वाटतं.


फलाटावरची_पोर

स्टेशनच्या घड्याळाची गोष्ट कुणी सांगितली नाही म्हणून सांगते. फलाटाच्या टोकाला भिंतीवर भलंमोठं घड्याळ आहे ना, ते नवीन आहे. मूळचं घड्याळ १९७० च्या दशकात एका अमेरिकन माणसाला विकलं. उतरवताना पडलं आणि तुकडे झाले. एका रेल्वे गार्डने ते तुकडे पंचवीस पौंडांना विकत घेतले, गाडीतून नॉटिंगहॅमकडच्या आपल्या गावी नेले आणि तुकडा तुकडा जुळवून कोठाराच्या भिंतीवर घड्याळ पुन्हा चालू केलं. २००७ साली नवीन घड्याळ करताना त्याच्याकडचं बघून माप घेतलं. नवीन घड्याळ जुन्याच डेंट कंपनीने केलं.

माझे आजोबा मिरजेला गार्ड होते. शिट्टी, कंदील, दोन झेंडे. ही गोष्ट मी त्यांना वाचून दाखवली तेव्हा ते म्हणाले, गार्डच करणार असलं.


वऱ्हाडी_पाहुणा

@फलाटावरची_पोर, आजोबांना नमस्कार सांगा.


सह्याद्रीपुत्र

एक सावधगिरी. आरक्षणाच्या एका संकेतस्थळावर मी 'सेंट पँक्रस' शोधून स्वस्तात खोली घेतली. नकाशात ठिपका स्टेशनपाशीच होता. पोचल्यावर कळलं, ते गल्लीतलं भलतंच हॉटेल. त्या भागात सेंट पँक्रस आणि किंग्ज क्रॉस ही नावं लावलेली डझनभर हॉटेलं आहेत. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हा पत्ता यूस्टन रोडचा आहे ना आणि इमारतीचा फोटो लाल मनोऱ्यांचा आहे ना हे दोनदा बघा, आणि जमलं तर थेट हॉटेलाच्याच स्थळावरून घ्या.


कॅमडेनवासी

लंडनकर आहे. इथे राहणार असाल तर एक चालणं सुचवते, जे पर्यटक करत नाहीत. स्टेशनच्या मागे रीजंट्स कॅनॉलच्या काठावर उतरा. धागाकर्त्यांनी ज्या कालव्यामुळे फलाट उंच केला असं लिहिलंय तोच. काठाकाठाने पश्चिमेकडे चालत कॅमडेन लॉक. तिथून वर येऊन प्रिमरोज हिलच्या बाजूला किंग हेन्रीज रोड, घर क्रमांक १०. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये लंडनला शिकत असताना या घरात राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने घर विकत घेतलं, आता तिथे स्मारक आणि संग्रहालय आहे. रमतगमत तासभर. दमलात तर जवळच्या चॉक फार्मवरून भुयारी गाडीने परत.

हॉटेलात भारतातून आलेले पाहुणे भेटले की मी त्यांना हे नेहमी सांगते, कारण हॉटेलाशेजारीच ब्रिटिश लायब्ररी आहे. बाबासाहेब वाचायला जायचे ते ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात, आणि तिथली ग्रंथसंपदा १९९० च्या दशकात या नव्या इमारतीत आली. लाल विटा हॉटेलाशी जुळाव्यात म्हणून मुद्दाम निवडल्या. आत पुस्तकं मांडलेलं दालन फुकट बघता येतं, मॅग्ना कार्टा ही इंग्लंडची जुनी सनद तिथेच आहे.


नदीकाठ

@कॅमडेनवासी, हे जबरदस्त. पुढच्या खेपेला नक्की करणार. होस्टेलपासूनही चालत जाता येईल.


सुनीता_साताऱ्याची

सगळ्यांचे आभार. घरी चर्चा झाली. पहिल्या मुक्कामाला नातेवाइकांकडे, शेवटची एक रात्र या हॉटेलात, जुन्या बाजूला. सासूबाईंनीच सांगितलं, जाताना बघून जाऊ. काका, शेवटचं विचारते: खोली रस्त्याच्या बाजूची घ्यावी की स्टेशनच्या? आवाजाचा त्रास होईल का?


बोरीबंदरकर

सुनीताताई, आम्ही रस्त्याच्या बाजूला होतो. यूस्टन रोड दिवसरात्र वाहता आहे, पण खिडक्या बंद केल्यावर आवाज फार मंद येतो, आम्हाला झोप लागली. काही खोल्यांतून आतलं छत आणि गाड्या दिसतात. सासूबाईंना खिडकीशी बसून बराच वेळ काढायचा असेल तर स्टेशनकडची मागा, सकाळी साडेसहापासून वर्दळ बघायला मिळते. परतीचं विमान हीथ्रोहून असेल तर किंग्ज क्रॉस-सेंट पँक्रसवरूनच पिकॅडिली लाइन थेट विमानतळावर जाते, बदलायला लागत नाही. लिफ्टच्या खुणा बघत फलाटापर्यंत जा, बॅगा जड असल्या तरी त्रास होत नाही. आणि आदल्या रात्री जेवण झालं की त्यांना वरच्या मजल्यावर कठड्यापाशी खुर्ची मागून द्या. हॉटेलची माणसं देतात.


घारापुरी

काका, व्हीटीची इमारत आतून बघायची असेल तर काय करायचं? लंडनआधी ती बघावी म्हणतो.


बोरीबंदरकर

@घारापुरी, आत हेरिटेज गॅलरी आहे. कामाच्या दिवशी ठरावीक वेळेत तिकीट काढून जाता येतं, वेळ बदलते म्हणून आधी चौकशी करा. घुमटाखालचा जिना तिथूनच दिसतो, कठड्याच्या बाजूला खालून आधार नसलेल्या पायऱ्या भिंतीतून बाहेर आलेल्या आहेत. डीएन रोडच्या बाजूने उभं राहून आधी बाहेरून बघा, दारावरचे सिंह आणि वाघ चुकवू नका. मी पुढच्या महिन्यात मुंबईत आहे. चार-पाच जण जमले तर मी बरोबर येतो, कुठल्या खांबावर माकड आहे आणि कुठल्यावर मोर ते दाखवतो. ज्यांना यायचं आहे त्यांनी इथेच लिहा.


फलाटावरची_पोर

मी येणार. आजोबांनाही आणते.